लॉ कॉलेजच्या फीचा मेळ कसा घालाल?

आधी कर्ज नव्हे, फीमाफी तपासा. महाराष्ट्रात सीईटी देऊन कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून प्रवेश मिळाला, तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलात की ही वाट बंद. अर्ज अडतो तो बहुधा दोन ठिकाणी: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना असतो, किंवा बँक खात्याला आधार जोडलेलं नसतं.

उरलेल्या रकमेसाठी विद्यालक्ष्मी, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या अर्जाचं सरकारी पोर्टल. सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि ४ लाखांपर्यंत स्वतःचा वाटाही नाही. ४ लाखांपुढे देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के वाटा तुमचा. पालक सहकर्जदार असतात, त्यांचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या सवयीचा गुणांक) आधीच पाहून ठेवा. फीपत्रकात वसतिगृह, पुस्तकं, लॅपटॉप लिहून घ्या; मंजुरीनंतर रक्कम वाढवून घेणं किचकट.

हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सहसा वर्षभराने सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. पाच वर्षांच्या बीए एलएलबीत हे चांगलंच जाणवतं: ५ लाखांवर १० टक्क्यांनी वर्षाला ५०,००० रुपये. जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरा. या व्याजावरची प्राप्तिकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.