लंबकाच्या प्रॅक्टिकलमध्ये या चुका टाळा

लंबकाच्या दोलनांवरून गुरुत्वत्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) काढतात. नागपुरात ते साधारण ९.७९ मीटर प्रति सेकंद वर्ग भरतं. पहिल्या वर्षाच्या जर्नलांत मात्र अख्खी बॅच ९.८१ वर उतरते. तो आकडा युरोपच्या अक्षांशांचा! उत्तर आधीच ठाऊक असलं की पोरं मोजत नाहीत, जुळवतात.

सगळ्यात जुनी खोड म्हणजे गोळा सोडतानाच 'एक' म्हणणं. वीस म्हणेस्तोवर दोलनं होतात एकोणीस, भागतात मात्र विसाने, आणि उत्तर येतं १०.८५. हा आकडा दिसला की मोजणी चुकली हे ओळखावं. पण होतं काय, रबर निघतं, वेळेत दोन सेकंद वाढतात आणि सरांची सहीही मिळते. मोजणी 'शून्य'पासून करा, तीही गोळा मध्यातून जाताना. टोकाला तो रेंगाळतो, नेमका क्षण सापडत नाही. रीडिंग पेनानेच लिहा. चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी कारण लिहा.

शिकवणाऱ्यांची चूक याहून मोठी: कृती, दोलनांची संख्या, तक्ता, सगळं आयतं देणं. त्याऐवजी एवढंच विचारा, गोळा १० आणि २० अंशांवरून सोडला तर आवर्तकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) सारखाच येतो का? पुस्तकाच्या भरवशावर सगळे 'हो' म्हणतील. एक मीटर लंबकात फरक जेमतेम ०.६ टक्के, म्हणजे एका दोलनामागे सेकंदाचा शंभरावा भाग. स्टॉपवॉचवरचा अंगठाच त्याच्या दहापट चुकतो. वीस दोलनांत फरक ०.२ सेकंदाच्या वर जातो. पाच-सहा वेळा मोजून रीडिंगांची पांगापांग पाहिली की तो उघडा पडतो. मग दोनशे दोलनं घ्यावीत? नाही, तोवर आयाम, म्हणजे झोक्याचा पल्लाच घटतो. किती घ्यायची, हे त्यांनाच ठरवू द्या. यात दोन प्रॅक्टिकल जातील, जाऊ द्या. जर्नलात प्रयोगांची संख्या भरायची घाई कोणाच्याच कामाची नाही.

बाकीचं थोडक्यात. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरा. त्याहून बरं, चार-पाच लांब्या घेऊन आवर्तकालाचा वर्ग विरुद्ध लांबी असा आलेख काढा. लांबीत दरवेळी तेवढीच चूक असेल तर रेघ सरकते, पण ज्यावरून गुरुत्वत्वरण काढायचं तो चढ बदलत नाही. गोळ्याचा व्यास मोजायच्या स्क्रू गेजची शून्य त्रुटी (काही न धरताही दिसणारं रीडिंग) आधी लिहा, गणित अडल्यावर नाही. दोरा ताणला जाणारा नको, आणि दोन अर्ध्या बुचांत घट्ट धरलेला हवा. एप्रिलमध्ये डेझर्ट कूलरच्या झोतात लंबक लावू नका. गोळा लंबवर्तुळात फिरायला लागतो. मोजण्यापुरता कूलर बंद ठेवा, कुरकुर होईल.