पहिली काच ओतण्याआधी

सगळ्यात आधी महिना ठरवा. ठाण्यात ओल्या काचेवर फोटो काढायचा तर डिसेंबर-जानेवारीतली सकाळ गाठा. काचेवर ओतलेलं कलोडियन (पातळ थर धरणारा चिकट द्राव) ओलं असतं तोवरच सगळं उरकावं लागतं: चांदीच्या द्रावणात बुडवणं, कॅमेऱ्यात बसवणं, फोटो घेणं, डेव्हलप करणं. थंडीत त्यासाठी दहा-बारा मिनिटं मिळतात. मे महिन्यात गच्चीवर त्याच्या निम्मीही मिळत नाहीत. काच ओली असताना एखादी वस्तू शोधायला गेलात की ती प्लेट गेलीच समजा, म्हणून हे सगळं आधी लिहून ठेवतोय.

एवढा खटाटोप कशासाठी, असं घरचे विचारतीलच. कोडॅकची रंगीत फिल्म कोडॅक्रोम 2009 मध्ये बंद झाली, फुजीची सोलून काढायची इन्स्टंट फिल्म 2016 मध्ये. कारखान्याने हात आखडला की चांगला चालता कॅमेरा कपाटात जातो. काचेचं तसं नाही. फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने 1851 मध्ये ओल्या काचेची ही कृती छापून सगळ्यांना देऊन टाकली, पेटंट घेतलं नाही. दोनच वर्षांनी, 16 एप्रिल 1853 ला, बोरीबंदरहून पहिली आगगाडी आपल्या ठाण्याला आली, आणि 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच काळातले फोटोग्राफर. त्या काळी ज्या काचेवर काम होत असे, ती काच, ते क्षार, ती चांदी आजही मिळते. आपल्या हाताने बनवता येणारी गोष्ट आपल्या हातून जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काच फ्रेमवाल्याकडून दोन मिलिमीटर जाडीची, तुमच्या होल्डरच्या (कॅमेऱ्यात काच धरणाऱ्या चौकटीच्या) मापाची कापून घ्या. पाच प्लेट हव्या असतील तर दहा घ्या. चारही कडा धार लावायच्या दगडावर घासा, नाहीतर बोट कापतं आणि थर कडेने सुटतो. मग खडूची भुकटी, स्पिरिट आणि पाणी यांची पेस्ट करून दोन्ही बाजू चोळा. काचेवर तोंडाची वाफ सोडा. वाफ एकसारखी बसून एकसारखी उडाली तर काच स्वच्छ. कुठे ठिपका किंवा बोटाचा ठसा उमटला तर पुन्हा चोळा. या कामात कंटाळा करू नका, कारण आज न दिसलेला डाग उद्या नेमका चेहऱ्यावर येतो. कडेवर अंड्याच्या पांढऱ्या बलकाची बारीक रेघ ओढली की थर घट्ट धरतो.

रसायनं मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला लॅबोरेटरीचा माल ठेवणाऱ्या दुकानांतून, बिल घेऊन, सीलबंद बाटलीतली घ्या. क्षार मिसळलेलं कलोडियन निदान एक-दोन दिवस मुरू द्या. ते पिवळसर झालं की कामाला येतं. चांदीच्या द्रावणाला, म्हणजे सिल्व्हर बाथला, सिल्व्हर नायट्रेट शंभर मिलिलिटरला नऊ ग्रॅम, आणि पाणी फक्त डिस्टिल्ड. बाटलीवर काहीही लिहिलेलं असो, आधी वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब सोडून बघा. नळाच्या पाण्यात थेंब पडताच दुधासारखा ढग उठतो, कारण त्यात क्लोराइड असतं. ढग उठला की ते पाणी बाद. डेव्हलपर म्हणजे आपलं हिराकस, त्यात ॲसेटिक ॲसिड आणि थोडं अल्कोहोल. थंड हवेच्या पुस्तकी कृतीत लिटरला चाळीस ग्रॅमच्या आसपास हिराकस असतं; आपल्या उकाड्यात पंचवीस-तीसवर आणा आणि ॲसिड वाढवा, नाहीतर प्लेट बघता बघता काळवंडते. फिक्सिंगला, म्हणजे चित्र पक्कं करायला, साधा हायपो (सोडियम थायोसल्फेट) घ्या. जुन्या पुस्तकांत सायनाइड सांगितलेलं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. कलोडियनमध्ये ईथर असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत जाते आणि लांबच्या ज्योतीने पेटते. बाथरूमची डार्करूम करणार असाल तर गॅस गिझर आदल्या रात्रीच बंद करा. देवघरातली समई, उदबत्ती त्या दिवशी काम संपल्यावर. बाटली घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, आतल्या ठिणगीने स्फोट होऊ शकतो. खिडकीला काळा कागद लावताना हवा खेळायला वाट ठेवा. दिवा लाल. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर काळा डाग आठवडाभर राहतो, पण डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गच्ची वापरणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, काय करणार आहात तेही समजावून सांगा.

समोर कोण बसणार आणि काय नेसणार, हेही आधी ठरवा. ही काच निळा आणि अतिनील प्रकाश बघते. लाल, पिवळं तिला जवळजवळ दिसतच नाही. मी आईला पहिल्यांदा बसवलं तेव्हा ती हौसेने हळदीच्या रंगाची साडी नेसून आली होती, केसांत मोगरा. हायपोत काच सोडली, दुधाळ निळसर पडदा विरत गेला आणि खालून आई वर आली. साडी काळीभोर, कुंकू काळं, मागचं झेंडूचं तोरणही काळं, आणि गजऱ्याची पाकळी न् पाकळी पांढरी. पदर मात्र उजव्या खांद्यावर! काचेवर चित्र आरशासारखं उलटं येतं. काळा कागद थराच्या बाजूला लावून काचेतून बघितलं की पदर परत जागेवर येतो.

लेन्स एफ/5-6 च्या आसपास ॲपर्चरची असेल तर उन्हात एक-दोन सेकंद आणि सावलीत सहा-आठ सेकंद धरून चला. बसणाऱ्याच्या डोक्यामागे टेकू लागेल. उपवन किंवा मासुंदा तलावाच्या काठी जायचं असेल तर डार्करूमही सोबत न्यावी लागते, म्हणून पहिली प्लेट घरीच करा.

आदल्या संध्याकाळी एक रंगीत तालीम करा. साध्या पाण्याने काच ओता, बुडवा, तीन मिनिटं मोजा, होल्डर भरा, कॅमेऱ्यापर्यंत चाला, परत या. डेव्हलपर, पाणी, हायपो, प्रत्येकाचा ट्रे आणि फडकं वेगळं. हायपोचा हात सिल्व्हर बाथला लागला की बाथ नासतो, आणि त्यातली चांदी महाग आहे.

वार्निशसाठी लाख अल्कोहोलमध्ये विरघळवून, गाळून ठेवा. ते काम दुसऱ्या दिवशी, ईथरच्या बाटल्या दूर गेल्यावर, स्पिरिटच्या दिव्यावर काच कोमट करून करायचं. आणि एक रिकामा कॅन, झाकणासकट, ट्रेशेजारी ठेवा. चांदीचं एकही धुवण मोरीत सोडायचं नाही. आपली गटारं शेवटी खाडीत जातात आणि थंडीत त्याच खाडीत फ्लेमिंगो उतरलेले असतात.