चाफ्याला उन्हाची नाही, जुलैची भीती

आमच्या बांदोड्याच्या घरापुढे, तुळशीवृंदावनाच्या डाव्या अंगाला जो पांढरा चाफा आहे तो तिसऱ्या खेपेचा. आधीचे दोन मीच मारले. दोन्ही जूनमध्ये लावले होते. मिरगाचा पाऊस पडला की गोव्यात जो तो परसात उतरतो, तशी मीही उतरले. केळ, जास्वंद, सगळे त्या पावसात धरते. चाफ्याची फांदी मात्र महिनाभरात बुडाशी मऊ पडली, बोट दाबले तर आत गेले. आपल्याकडे वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस, आणि हे झाड मूळचे मेक्सिको-कॅरिबियनकडचे, कोरडे महिने पाने टाकून काढणारे. पाण्यावाचून ते मरत नाही, पाण्याने मरते.

म्हणून फांदी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढा, म्हणजे पावसाआधी मुळे धरतात. अंगठ्याएवढी जाड, दीडेक फूट लांब, राखाडी सालीची. हिरवी कोवळी नको, ती कुजते. कापताच पांढरा चीक गळेल. तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, हातालाही खाज सुटते. पाने असतील तर काढून टाका आणि फांदी सावलीत भिंतीला टेकवून आठ-दहा दिवस विसरा. सासूबाई म्हणायच्या, "सुकवून कोण झाड लावतो?" पण कापलेले तोंड सुकून कडक झाल्याशिवाय मातीत घालायचे नाही, खरी मेख तिथेच आहे.

कुंडी मोठ्या भोकाची घ्या. एक वाटा तांबडी माती, एक वाटा जाड रेती, थोडे जुने शेणखत. फांदी चार इंच खोल पुरून काठीला बांधा, नाहीतर वाऱ्याने हलते आणि नवी मुळे तुटतात. एकदा पाणी घाला, मग हात आवरा. वरची माती पूर्ण सुकल्यावरच पुन्हा. टोकाला दोन पाने फुटली म्हणून मूळ धरले असे समजू नका, फांदी आपल्याच पोटातल्या साठ्यावर पाने काढते. दीड-दोन महिने तरी ओढून बघू नका. माझ्या नणंदेने दर रविवारी ओढून बघितले!

पहिला पावसाळा कुंडी पडवीत, पागोळ्यांपासून दूर. जमिनीत लावायची ती दसऱ्याच्या सुमाराला. त्याआधी खड्ड्यात दोन कळशा पाणी ओता. जांभ्या दगडात खड्डा वाडग्यासारखा होतो. तासाभरात पाणी जिरले नाही तर ती जागा सोडा, किंवा चार चिरे रचून, माती भरून उंचवटा करा. आमचा तसाच आहे. ऊन मात्र दिवसभराचे हवे. माडाच्या सावलीतला चाफा नुसता उंच जातो, फूल देत नाही.

नर्सरीत नुसते 'चाफा' म्हणू नका, सोनचाफा हातात ठेवतील. 'देवचाफा' किंवा 'खुरचाफा' म्हणा. हल्ली कुंपणाला चमच्यासारख्या पानांचा, पांढऱ्या गुच्छांचा एक दिसतो, तोही चाफाच, पण त्याला वास नाही म्हटले तरी चालेल. संध्याकाळनंतर ज्याचा वास अंगणभर पसरतो तोच मला चाफा वाटतो. त्या वासाला भुलून रात्री पतंग येतात, आणि फुलात मध काही नसतो.

टोकदार पानांचा चाफा डिसेंबर-जानेवारीत पूर्ण बोडका होतो. गोल टोकाच्या पानांचा सहसा होत नाही. बोडका झाला की शेजारच्या सुनेने "काकी, झाड गेले" म्हणून सांगायला यायचे, हे दर वर्षी. नखाने साल खरवडली की आत हिरवे आणि चीक दिसतो. तेव्हा पाणी बंद. मार्चमध्ये शेणखत आणि चुलीची राख घाला. युरिया घातला तर पानेच पाने.

ऑगस्टमध्ये पानांच्या खाली नारिंगी पूड दिसेल, तो तांबेरा. ती पाने तोडून परसाबाहेर टाका, खतात नको. झाड त्याने मरत नाही. पांढऱ्या पिठ्या ढेकणांना साबणाचे पाणी पुरते.

छाटणी जपून करा. कळी फांदीच्या टोकालाच येते, टोक कापले की त्या फांदीची त्या वर्षाची फुले गेली. खाली दोन-तीन फांद्या फुटतात, हा मात्र फायदा. पोरांना चढू देऊ नका, लाकूड ठिसूळ असते. गेल्या जुलैच्या वाऱ्याने माझी एक मोठी फांदी मोडली. तिचे तीन तुकडे करून चुलीमागे कोरड्यात पंधरा दिवस ठेवले, मग पडवीतल्या कुंड्यांत लावले. दोन जगले. एक नणंदेला दिला आहे, ओढून बघणार नाही या बोलीवर.