प्रोसेसर रिकामा, तरी एन्कोडिंग रेंगाळतं?

लग्नांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेट मी डिजिटल करून देते. ८ कोअरचा प्रोसेसर घेतला, तरी हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे दाबून लहान फाइल करणारा प्रोग्रॅम) त्याचा वापर जेमतेम ३० टक्के दिसायचा.

आधी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बघा. ती १०० टक्क्यांवर असेल तर फाइल एसएसडीवर घ्या. माझी डिस्क निवांत होती.

खरी गोम चित्राच्या उंचीत निघाली. हँडब्रेकमधला एक्स२६५ हा एन्कोडर प्रत्येक फ्रेम सहसा ६४ पिक्सेल उंचीच्या ओळींत तोडून थ्रेडना (प्रोसेसरवर एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांना) वाटतो. पॅल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) कॅसेटच्या चित्राची उंची ५७६, म्हणजे ओळी ९च. दर कोअरला दोन अशा १६ थ्रेडना काम पुरणार कुठून? प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एकाच वेळी दोन फाइल चालू करा.

चित्रातल्या मुंग्या पुसणारा डिनॉइज फिल्टरही वेग खातो. पण चित्रात मुंग्या फार असतील तर तो राहू द्या, अख्खी रात्र लागली तरी चालेल. त्यातली कित्येक माणसं आता फक्त तिथेच दिसतात.