भाडेकरूच्या पायांनी घर बघा

माझं माहेर केळव्याचं, सासर पालघरजवळच्या माहीमचं, आणि नोकरी अंधेरीला. एकवीस वर्षं पालघर स्टेशनवरून ये-जा करतेय. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मी पालघरला वन बीएचके घेतला, राहायला नाही, भाड्याने द्यायला. तेव्हापासून लेडीज डब्यातल्या मुली विचारत असतात, "ताई, आम्हालाही घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकीला विरारपर्यंतच्या प्रवासात सगळं सांगून होत नाही. म्हणून इथे नीट लिहून काढते.

आधी एक ठरवा. हे घर तुमचं नाही, भाडेकरूचं आहे. आपल्याला बाल्कनीतून डोंगर दिसला की बरं वाटतं, पण भाडं डोंगराचं मिळत नाही. पालघरला भाड्याने कोण राहतं? 1 ऑगस्ट 2014 ला जिल्हा झाला, तेव्हापासून सरकारी कार्यालयांत बदलून आलेली माणसं, शिक्षिका, नर्स, शिवाय आमच्यासारखे रोज मुंबईला जाणारे. बोईसरला चित्र वेगळं. तिथे तारापूर एमआयडीसीतले पाळीवाले कामगार. त्यांना लोकलशी देणंघेणं कमी, कंपनीची बस कुठल्या नाक्यावर थांबते हे महत्त्वाचं. आपला भाडेकरू कोण, हे ठरल्याशिवाय एकही फ्लॅट बघायला जाऊ नका.

मग त्या माणसाचा दिवस स्वतः जगून बघा. दलालाच्या गाडीत बसून साइटवर जाऊ नका. संध्याकाळच्या लोकलने उतरा, भाजी घ्या, पिशवी हातात घेऊन चालत निघा. जाहिरातीत "स्टेशनपासून 5 मिनिटं" लिहिलेल्या एका बिल्डिंगला मला सतरा मिनिटं लागली. शेवटच्या गल्लीत दिवा नव्हता. रात्री उशिरा परतणाऱ्या बाईला ही गल्ली परवडेल का, हाच प्रश्न मी स्वतःला विचारला आणि ते घर सोडलं. विरार-डहाणू लोकल 2013 पासून सुरू आहे, पण चर्चगेट-विरारसारख्या गाड्या लागोपाठ येत नाहीत. एक चुकली की पुढचीसाठी बराच वेळ ताटकळावं लागतं. म्हणून सफाळे, केळवे रोड, उमरोळी इथलं घर स्वस्त मिळत असेल, तर तिथे थांबणाऱ्या गाड्या आधी वेळापत्रकात मोजा. स्वस्ताईचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आणि घर जुलैमध्ये बघा. जानेवारीत आमच्याकडचं कुठलंही घर देखणंच दिसतं. मी घेतलेला फ्लॅट पहिल्यांदा पाहिला तो जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, सलग चार दिवसांच्या पावसानंतर. पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला, कोरडा. कपाटाच्या मागे हात घातला, कोरडा. त्याच मजल्यावरच्या दुसऱ्या फ्लॅटमध्ये रंग नवाकोरा होता, पण खिडकीखाली बोट दाबलं तर पोपडा सुटून आला आणि आत काळी बुरशी. वीस हजारांनी स्वस्त होता तो. जिन्याने गच्चीवरही जा. पाणी साचलंय का, टाकीला झाकण आहे का, ते बघा.

पाण्याचं मी जरा जास्तच बोलते, पण आपण किनाऱ्यावर राहतो. बोअरचं पाणी मचूळ निघणं इथे नवं नाही. बाथरूमच्या शॉवरची जाळी बघा. भोकांभोवती पांढरा खरखरीत थर असेल तर त्या घरात भाडेकरू पिण्याचे जार विकत घेतोय, आणि तो खर्च तो भाड्यात घासाघीस करून वसूल करणार. वॉचमनला विचारा, "मे महिन्यात टँकर किती येतात?" सेक्रेटरीपेक्षा वॉचमनचं उत्तर खरं असतं.

आता कागद. इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. 2018 मध्ये गावाबाहेरच्या एका नव्या बांधकामात मी 51,000 रुपये टोकन दिलं. बिल्डर म्हणाला, "ताई, छोटं प्रोजेक्ट आहे, रेरा लागत नाही." रेरा म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याखाली प्रकल्पाची नोंदणी करावी लागते. मी मान डोलावली. आठवड्याभराने पुन्हा गेले तेव्हा मजल्यावर चार दरवाजे, चार मजले, म्हणजे सोळा फ्लॅट. नोंदणीतून सूट आहे ती 500 चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीला किंवा 8 पर्यंतच्या फ्लॅटना. इथे जमीनही त्याहून मोठी होती. मग सातबारा काढला. इतर अधिकारांच्या रकान्यात जमीन महसूल कायद्याच्या कलम 36 चा शेरा, म्हणजे जमीन मूळची आदिवासी खातेदाराची. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. आमच्या जिल्ह्यात हे सर्वांत आधी तपासायचं, आणि ते नुसतं आपला पैसा वाचवायला नाही. त्या रकान्यामागे कुणाची तरी जमीन असते, ती फसवून घेतलेली असू शकते. परवानगीचा आदेश मागितला तर बिल्डर आज देतो, उद्या देतो करत राहिला. टोकन परत मिळायला सात महिने लागले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. सातबारा आणि त्यावरचे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी), बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा दाखला, म्हणजे ओसी), आणि नोंदणीकृत करारांची सूची 2 (इंडेक्स टू). नवं बांधकाम असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून ताब्याची तारीख किती वेळा पुढे गेलीय ते वाचा. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या बिल्डिंगमध्ये "सगळे राहतातच की" हे ऐकून कधीही जाऊ नका. आणि वकील स्वतःचा करा. बिल्डरने सुचवलेला वकील बिल्डरचाच असतो.

पहिल्या खेपेला रीसेल घ्या, हे माझं स्पष्ट मत. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर आहे. शिवाय रीसेलमध्ये सोसायटी, शेजार, पाणी सगळं डोळ्यांसमोर असतं आणि भाडं दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतं.

माझा हिशोब उघडा करून ठेवते. फ्लॅट 21 लाखांचा, 420 चौरस फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. नोंदणी माझ्या एकटीच्या नावावर केली, कारण त्याच वर्षी एप्रिलपासून बाईच्या नावावरच्या घराला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत सुरू झाली होती. नवऱ्याचं नाव जोडलं असतं तर ती गेली असती. तरी मुद्रांक, नोंदणी फी, दलाली, वकील, सोसायटीची ट्रान्सफर फी आणि रंगकाम मिळून 2 लाख लागलेच. मुद्रांक-नोंदणीला बँक सहसा कर्ज देत नाही, हे पैसे रोख तयार हवेत. भाडं मिळालं 6,500. वर्षाचे 78,000 असं लोक धरतात, मी अकरा महिन्यांचे 71,500 धरते, कारण भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहतंच. त्यातून मेंटेनन्स 10,800, घरपट्टी 2,400, नळ-मोटर-रंगासाठी 6,000 वजा करा. हातात राहिले 52,300. तेवीस लाखांवर सव्वादोन टक्के. तुम्हाला कुणी "भाड्यातून हप्ता सुटेल" म्हणालं, तर त्याच्यासमोर हा हिशोब ठेवा.

माझं कर्ज 12 लाखांचं, पंधरा वर्षांचं, हप्ता 10,800. म्हणजे पहिल्या दिवसापासून चार हजारांवर रुपये माझ्या पगारातून. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते पुढे घडलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. हप्ता तोच राहिला म्हणून मी निर्धास्त. एका रविवारी स्टेटमेंट उघडलं तर हप्त्यातले नऊ हजार नुसते व्याजात जात होते आणि मुदत पाच वर्षांनी लांबली होती. तेव्हा दर वाढला की बँका बहुधा गुपचूप मुदत वाढवायच्या. म्हणून कर्ज घेतानाच दर अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती होईल, तो आकडा बँकेकडून लिहून घ्या. तो भाडं शून्य धरून पगारात बसत असेल तरच सही करा. मी दिवाळीचा बोनस दर वर्षी मुद्दलात भरतेय.

हल्ली प्रत्येक दलाल डहाणूजवळ होऊ घातलेलं वाढवण बंदर आणि बोईसरचं बुलेट ट्रेन स्टेशन या दोन गोष्टींनी बोलणं सुरू करतो. बंदराला केंद्राची मंजुरी 2024 मध्ये मिळाली, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध आहे, आणि काम वर्षानुवर्षं चालणारं आहे. उद्याच्या बंदराची किंमत आजच्या फ्लॅटला देऊ नका.

भाडेकरू मिळाला की लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू अटी सांगेल त्याच आधी खऱ्या धरल्या जातात. पोलीस ठाण्यात माहिती द्या. सोसायटीने बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणून लावलेलं) मागितलं तर ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच असतं, एवढं लक्षात ठेवा. माझ्या सोसायटीने सरसकट 500 रुपये लावले होते. नियम दाखवल्यावर पुढच्या महिन्यापासून 60 झाले.

माझ्याकडे सध्या एक नर्स राहते, भाडं 8,500. चावी देताना आम्ही दोघींनी मिळून पंखे, दिवे, नळ मोजले, वीज मीटरच्या आकड्याचा तिच्याच फोनवर फोटो काढला आणि तो तिने मला पाठवला. तिने एकच मागितलं होतं, रात्रपाळीनंतर दिवसा झोपता यावं म्हणून बेडरूमला जाड पडदा. आठशे रुपयांचा पडदा लावून दिला. ती तिसऱ्या वर्षी करार वाढवतेय.