मोठी संख्या फोडताना या चुका टाळा

खानापुरात शिकवणी घेतो. मोठ्या संख्येचे अवयव पाडायला दिले की बरीचशी पोरं भागाकाराच्या आधीच चुकलेली असतात, कारण वहीत संख्याच भलती उतरलेली असते.

ही चूक खास आपल्या सीमाभागातली. मी म्हणतो ‘पंचवीस’. ज्याच्या घरी दोन्ही भाषा आहेत त्याच्या डोक्यात ‘इप्पत्तैदु’ची चाल असते. मराठीत एकक आधी, कन्नडात दशक आधी. घाईत ५२ लिहून पोरगं मोकळं. अंकांची बेरीज तीच राहते, म्हणून ९ ची कसोटी इथे आंधळी. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल ११ ची कसोटी पकडते, म्हणजे एक अंक अधिक, पुढचा उणे असं शेवटपर्यंत. मी तर सुटे अंकच सांगतो, तीन-तीन अंकांनी थांबत. कंटाळतात. कंटाळू देत.

दुसरी चूक मोबाइलची. एकाला १२३४५६७८९८७६५४३२१ दिली होती. दुसऱ्या दिवशी साहेब हजर: “सर, शंभरनं भाग जातोय की!” शेवटचा अंक १, आणि शंभरनं भाग! पण “मोबाइलनंच सांगितलंय” यावर गडी अर्धा तास अडून बसला. शेवटी त्याच्याच मोबाइलवर बघितलं. स्प्रेडशीटनं पहिले १५ अंक ठेवले होते आणि शेवटच्या २१ च्या जागी दोन शून्यं भरली होती, एका शब्दानं न सांगता. तेव्हापासून माझा नियम असा की यंत्रात संख्या टाकली की शेवटचे तीन अंक वहीशी ताडून बघायचे, मगच पुढचं बटण.

खरं तर इथे यंत्र लागतच नाही. ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. त्यात ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा. विभाजक किती? ४ × २ × २ करून १६ सांगणारे दरवर्षी भेटतात. प्रत्येक घातांकात १ मिळवा: ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्ग आहे, म्हणजे उत्तर विषम यायलाच हवं. १६ दिसताच शंका यायला हवी होती.

३३३६६७ मूळ कशावरून? १३ पर्यंत भाग देऊन ‘मूळ’ असा शिक्का मारू नका. वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे जातं, म्हणजे १०६ मूळ संख्या तपासणं आलं. ४२९४९६७२९७ ही मूळ आहे असं खुद्द फर्मा या थोर गणितज्ञाला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरनं दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो. तुम्ही १३ वर थांबता!

अंकांची बेरीज २७ आली म्हणून २७ नं भाग जात नाही. १८९९ घेऊन बघा, बाकी ९.

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांनी भागाकाराला दोन तिरप्या रेघा (//) द्याव्यात. एकच दिली की उत्तर दशांशात येतं आणि मोठ्या संख्येचे शेवटचे अंक तिथेही गळतात.