भात सोडण्याआधी: वजन उतरवताना आणि स्नायू कमावताना काय मोजावे

वजन कमी करायचे ठरले की बहुतेक घरांत आधी भात बंद होतो, सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध सुरू होते आणि दर दोन दिवसांनी काट्यावर उभे राहून आकडा पाहिला जातो. पहिला आठवडा छान जातो, कारण भात-पोळी एकदम कमी केली की यकृतात आणि स्नायूंत साठलेले ग्लायकोजेन (साखरेचा शरीरातला साठा) उतरते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत धरून ठेवलेले सुमारे तीन ग्रॅम पाणीही निघून जाते. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, पण चरबी जवळजवळ जागच्या जागी असते. पुढे आकडा अडतो, लग्नाच्या एका पंगतीनंतर पुन्हा चढतो, आणि ‘माझ्या अंगाला हवासुद्धा लागते’ असे म्हणून माणूस नाद सोडतो. लिंबू-मधाबद्दल एवढेच सांगता येईल की चरबी विरघळवणारे त्यात काही नाही आणि चमचाभर मधातून वीसेक कॅलरी पोटात जातात.

म्हणून सुरुवात काट्याऐवजी शिवणकामाच्या टेपने करावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे वरचे हाड यांच्या मध्यावर टेप धरावी, श्वास सहज सोडावा, पोट आत न ओढता माप घ्यावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. ‘मी बारीक आहे, मला काय धाड भरली आहे?’ हा समज या टेपपुढे टिकत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा बीएमआय 22.3, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपल्याकडे हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेले अशी शरीरयष्टी सर्रास दिसते, आणि अशा माणसाने नुसते वजन घटवले तर मुळातच कमी असलेले स्नायू आणखी झिजतात. त्याला वजन कमी करण्यापेक्षा स्नायू वाढवण्याची गरज अधिक असते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरे मोजमाप स्वयंपाकघरातले. भाताला सगळे दोष देतात, तेलाकडे कोणी पाहत नाही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 130 कॅलरी असतात, आणि फोडणीला सढळ हाताने ओतलेल्या मोठ्या चमचाभर तेलात जवळजवळ तेवढ्याच, कारण कोणत्याही तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये नऊ कॅलरी असतात, तर पिष्ट पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममध्ये चारच. घाण्याचे तेल असो वा घरचे साजूक तूप, हा आकडा बदलत नाही; साखरेऐवजी गूळ घातल्यानेही फारसा फरक पडत नाही. घरात महिन्याला किती तेल संपते ते किराण्याच्या यादीत पाहावे. चौघांच्या घरात पाच लिटर संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज साधारण 38 ग्रॅम तेल येते. ते तीन लिटरवर आणले तर माणशी रोजच्या सुमारे 135 कॅलरी वाचतात. एक किलो चरबीत अंदाजे 7,700 कॅलरी असतात, तेव्हा एवढ्या एका बदलाने कागदावर तरी दोन महिन्यांत किलोभर चरबीचा हिशेब लागतो. प्रत्यक्षात शरीर थोडे जुळवून घेते आणि वेग काहीसा मंदावतो, पण दिशा तीच राहते.

आता डाळ. ‘आम्ही रोज वरण खातो, प्रथिने भरपूर मिळतात’ हे वाक्य मी स्वतःही अनेक वर्षे म्हणत होतो. एकदा कुकर लावण्याआधी तूरडाळ काट्यावर ठेवली. चौघांसाठी घेतलेली ती वाटी 150 ग्रॅम भरली. कच्च्या तूरडाळीत शंभर ग्रॅममागे सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे त्या वाटीत 33 ग्रॅम. ती चौघांत आणि दोन जेवणांत वाटली गेली. एका वेळच्या वरणातून माझ्या ताटात जेमतेम चार ग्रॅम येत होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. वजनाचे व्यायाम करून स्नायू वाढवायचे असतील तर 1.2 ते 1.6 ग्रॅमपर्यंत जावे लागते; त्यापुढे फारसा लाभ होत नाही. अंगावर चरबी जास्त असेल तर हा हिशेब सध्याच्या वजनाऐवजी उंचीला साजेशा वजनावर करावा.

ही भर कुठून घालायची? वरण पातळ न करता दाट करावे, म्हणजे तेवढ्याच वाटीत डाळ अधिक येते. पन्नास ग्रॅम मटकी भिजवून मोड आणून उसळ केली तर 11-12 ग्रॅम, पाव लिटर दुधातून आठ ग्रॅम, एका अंड्यातून सहा ग्रॅम, आणि चाळीस ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांतून वीस ग्रॅम मिळतात. अंड्याचा पिवळा बलक फेकून देण्याची पद्धत जिममध्ये फार आहे. त्यात जवळजवळ चाळीस टक्के प्रथिने वाया जातात. मांसाहारी घरांत मासे आणि चिकन यांनी काम सोपे होते, मात्र रश्श्यावरचा तवंग ताटात किती घ्यायचा हे पाहावे. शेंगदाण्यात प्रथिने चांगली असली तरी शंभर ग्रॅममागे साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात, त्यामुळे वजन उतरवताना ते मूठभरच बरे. भाकरी आणि डाळ एकमेकींची उणीव भरून काढतात. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी डाळीत कमी असलेले मेथिओनिन धान्यात मिळते आणि धान्यात कमी असलेले लायसिन डाळीत. दोन्ही एकाच घासात येण्याची सक्ती नाही.

उपवासाचा गैरसमजही येथेच सुटतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप, दाण्याचे कूट आणि बटाटा पडला की एकादशीची खिचडी रोजच्या जेवणाहून जड होते. श्रद्धेने उपवास जरूर करावा, पण तो वजनाच्या खात्यात मांडायचा असेल तर ताक, दूध, फळे आणि थोडा वरीचा भात एवढ्यावर राहावे.

प्रोटीन पावडरबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. व्हे प्रोटीन हा दुधापासून काढलेला पदार्थ आहे. ते स्टेरॉइड नव्हे, आणि निरोगी माणसाचे मूत्रपिंड त्याने बिघडते असे आढळलेले नाही. तरीही डबा विकत घेतला म्हणून दंड फुगत नाहीत. ताटातून भागत असेल तर त्याची गरजच नाही, आणि डबा घेण्याचा आग्रह करणारा प्रशिक्षक तोच डबा विकत असेल तर तो सल्ला बाजूला ठेवावा. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे त्यांनी आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

व्यायामात सर्वांत चिवट गैरसमज पोटाचा. रोज दोनशे क्रंचेस काढले तर पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांच्यावरचीच चरबी निवडून जळत नाही. ती सगळ्या अंगावरून शरीर आपल्या क्रमाने उतरवते, आणि पोटाची बहुधा शेवटी जाते. प्लॅस्टिकचा पट्टा बांधून घाम गाळल्याने फक्त पाणी जाते आणि तांब्याभर पाणी प्यायल्यावर ते परत येते. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते हेही खरे नाही, कारण या दोन वेगळ्या ऊती आहेत. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान बदाम, दूध, तूप पचवतो ते शेकडो जोर-बैठका आणि आखाड्यातल्या लढतींच्या बळावर. कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला तर स्नायू आटतात आणि चरबी साठते, आणि पाहणाऱ्याला एकाचे दुसरे झाल्यासारखे वाटते. मग दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तोच खुराक घेतला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांना वजन उचलायला लावले की अंग पुरुषी होईल, ही भीती निराधार आहे. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक पुरुषांच्या मानाने फारच कमी असते. उलट पाळी थांबण्याच्या वयात हाडे आणि स्नायू दोन्ही झिजू लागतात, तेव्हा आई, मावशी, काकू यांना या व्यायामाची गरज घरातल्या तरुणांपेक्षा जास्त असते.

त्यासाठी जिम लागतेच असे नाही. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती ठेवून, खुर्चीवर बसून उठण्यापासून आरंभ करावा. ते सहज पंधरा वेळा जमले की तांदळाची पाच किलोची पिशवी छातीशी धरून बैठका माराव्यात. जोर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून, मग ओट्याच्या कडेवर, मग जमिनीवर अशा पायऱ्या घ्याव्यात. पाठीसाठी पाण्याने भरलेली बादली कमरेत वाकून, कणा सरळ ठेवून, कोपर मागे नेत वर ओढावी. प्रत्येक प्रकाराचे तीन फेरे, आणि फेऱ्यातल्या शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना खरोखर कष्ट पडले पाहिजेत. आकडे वहीत लिहावेत. दर आठवड्याला एखादे आवर्तन किंवा थोडे वजन वाढत नसेल तर स्नायूंना वाढण्याचे कारणच मिळत नाही.

काट्यावर आठवड्यातून एकदाच, सकाळी उठल्यावर शौचानंतर उभे राहावे. आठवड्याला अर्धा किलो उतरत असेल तर वेग योग्य आहे. वजन तेवढेच राहिले, पण कंबर दोन सेंटिमीटरने घटली आणि वहीतल्या बैठका वाढल्या, तर आहारात काहीही बदलू नये. चार आठवड्यांत कंबरही हलली नाही, तरच आधी तेल आणखी थोडे कमी करावे, आणि त्यानंतर भाताच्या वाटीला हात लावावा.